पहाऱ्याचा थकवा

मुलीची जन्मतारीख या रकान्यात उत्तरेश्वर लोमटेने ३ जुलै २००० असं लिहिलं. अक्षर सुवाच्य होतं, खाडाखोड नव्हती. शाळेच्या खिडकीतल्या क्लार्कने अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं.

"म्हणजे ही साडेआठ वर्षांची," तो म्हणाला. "आणि तुम्हाला पहिलीत घालायचीय. मधल्या काळात काय, विचार चालला होता?"

उत्तरेश्वरची बायको प्रियदर्शनी हिने अर्ज हातातून काढून घेतला, तारीख खोडली आणि १९ ऑगस्ट २००३ असं लिहून परत दिला. क्लार्कने खाडाखोड चालत नाही असं सांगून नवा अर्ज पुढे केला. तोही तिनेच भरला. बाहेर आल्यावर तिने विचारलं, की मग ३ जुलै २००० ला नक्की कोण जन्मलं होतं. उत्तरेश्वरने आठवून सांगितलं. त्या दिवशी म्हातारी सुरू झाली होती.

म्हातारी म्हणजे इंग्लंडातल्या एका पाणीपुरवठा कंपनीची बिलं तयार करणारी संगणक प्रणाली. तिचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. ते फक्त करारात वापरलं जाई. हिंजवडीतल्या ज्या कंपनीत ती सांभाळली जात होती, तिथे चौदा जणांची टीम तिला म्हातारीच म्हणे. म्हातारी अडली, म्हातारीने आज खाल्लं नाही, म्हातारीला उलटी झाली, अशा भाषेत सगळा कारभार चाले. उत्तरेश्वर तिच्याबरोबर पहिल्या दिवसापासून होता. तो उस्मानाबाद जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातला. त्याच्या गावी नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी येई आणि मीटर नावाची वस्तू कोणी पाहिलेली नव्हती. इंग्लंडातल्या सहा लाख घरांत मात्र पाण्याचं मीटर कुठे अडतं, कधी अडतं आणि अडल्यावर काय करायचं, हे त्याला तोंडपाठ होतं.

त्याला कोणताही आजार नव्हता. तो थकलेला होता. आठ तास झोपून थकलेला उठायचा. रविवारी थकायचा. वर्तमानपत्राचा एकच मथळा तीनदा वाचायचा आणि मग घडी घालून ठेवायचा. दूध आणायला गेला की पिशवी दुकानात ठेवून सुटे पैसे घेऊन यायचा. घरात कोणी काही विचारलं, तर आधी दोन क्षण विचारणाऱ्याकडे पाहायचा, जणू प्रश्न त्याला नाही, मागच्या कोणाला तरी विचारलेला आहे.

कंपनीला याची कल्पना नव्हती असं नाही. जानेवारीत ताणमुक्तीची कार्यशाळा झाली होती. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाने सगळ्यांना मोबाइल बंद करायला सांगितले. तेव्हा टीमचा मॅनेजर अभिनव स्वतः उठून म्हणाला, की लोमटे सरांचा तेवढा चालू राहू द्या. डोळे मिटून श्वास मोजण्याच्या वीस मिनिटांत उत्तरेश्वरला चार फोन आले. कार्यशाळेनंतर भरून घेतलेल्या कागदावर त्याने 'उपयुक्त' या शब्दापुढे खूण केली. सगळ्यांनीच केली होती.

शाळेतल्या प्रकारानंतरच्या शनिवारी प्रियदर्शनी त्याला शनिवार पेठेतल्या डॉ. केळशीकर बाईंकडे घेऊन गेली. बाई साठीच्या, फिजिशियन, कमी बोलणाऱ्या. त्यांनी रक्ताच्या तपासण्यांचे कागद एकेक करून पाहिले.

"उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. "इतके चांगले माझेही येत नाहीत. मग आलात कशाला?"

उत्तरेश्वर सांगू लागला, तेवढ्यात फोन वाजला. त्याने उचलला, ऐकलं, "तारीख मागे घे आणि दोनदा चालव," म्हणाला आणि ठेवला. पुन्हा सांगू लागला, पुन्हा वाजला. दहा मिनिटांत तीन फोन झाले. बाईंनी एकदाही हरकत घेतली नाही. तिसरा संपल्यावर त्यांनी विचारलं, की पहिल्या माणसाने काय विचारलं होतं. उत्तरेश्वरला आठवेना. मग दुसऱ्याने? तेही आठवेना. आत्ता तिसऱ्याला काय सांगितलंत, असं विचारल्यावर तो म्हणाला, की बरोबर तेच सांगितलं असणार, कारण तो नेहमी बरोबरच सांगतो.

बाईंनी चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली : दोनशे पानी वही, एक. एकवीस दिवस, प्रत्येक फोननंतर चार गोष्टी लिहायच्या. किती वाजता, कोणी, काय विचारलं, काय सांगितलं.

प्रियदर्शनीने चिठ्ठी उलटी करून पाहिली. "गोळ्या नाहीत का काही?"

"आहेत ना. गोळीने हे झोपतील. फोन करणाऱ्याला झोपवणारी गोळी अजून बाजारात आलेली नाही."

वही घेणं सोपं होतं. लिहिणं अवघड होतं, आणि का अवघड होतं ते फक्त त्या धंद्यातल्या माणसाला कळण्यासारखं आहे. उत्तरेश्वरने नऊ वर्षांत म्हातारीविषयी एक ओळही लिहिलेली नव्हती. हा आळस नव्हता, धोरण होतं. त्याच्या आधी म्हातारीची सगळी माहिती योगेश नावाच्या एका सीनियरकडे होती. योगेश टापटिपीचा माणूस. त्याने आकृत्यांसह तीनशे पानांचा दस्तऐवज तयार केला, सर्वांनी त्याचं कौतुक केलं, आणि २००१ च्या मंदीत तीन महिन्यांच्या आत त्याला निरोप देण्यात आला. त्याच्या खुर्चीवर उत्तरेश्वर बसला. खुर्चीबरोबर दस्तऐवजही मिळाला. पुढच्या काही वर्षांत म्हातारीत इतके बदल झाले की त्या तीनशे पानांतलं काहीच लागू राहिलं नाही, आणि उत्तरेश्वरने ती सुधारली नाहीत. नियमाप्रमाणे प्रत्येक टीमकडे हस्तांतराची कागदपत्रं असावी लागतात, म्हणून त्याने चाळीस पानी एक फाइल करून ठेवली होती. तिच्यात एकही वाक्य खोटं नव्हतं आणि एकही उपयोगाचं नव्हतं.

ज्याने लिहिलं तो गेला, हा नियम हिंजवडीत कुठल्याही भिंतीवर लावलेला नव्हता आणि सगळ्यांना पाठ होता. त्यातून हे २००९ साल. अमेरिकेतल्या बँका बुडाल्यापासून ऑफिसातल्या बैठकीच्या खोल्यांकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले होते. खोल्यांना किल्ल्यांची नावं होती. राजगड, तोरणा, पुरंदर. राजगडावर आढावा होई, तोरण्यावर वाढदिवसाचा केक कापला जाई. पुरंदरवर जानेवारीत एकेकाला बोलावलं गेलं. माणूस आत जाई, वीस मिनिटांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून बाहेर येई, आणि खाली त्याला घरी सोडणारी गाडी उभी असे. नऊ जण तसे गेले. उत्तरेश्वरचं मत होतं, की आपण दहावे नाही याचं एकमेव कारण आपलं डोकं. ते थकलं असेल; पण त्यातलं दुसरीकडे कुठे नाही.

म्हणून पहिल्या दिवशी त्याने वहीत फक्त वेळा लिहिल्या. दुसऱ्या दिवशी नावं लिहिली. चौथ्या दिवशी, वही घरीच ठेवायची आणि कोणाला दाखवायची नाही असं स्वतःशी ठरवून, त्याने प्रश्न आणि उत्तरं लिहायला सुरुवात केली. फोन ऑफिसात आला तर चिठ्ठीवर खूण करून ठेवायचा आणि घरी आल्यावर वहीत उतरवायचा. प्रियदर्शनी समोर बसून मुलीच्या पाठ्यपुस्तकांना कव्हरं घालायची. इंग्लंडातली घड्याळं आपल्या साडेपाच तास मागे असल्याने संध्याकाळी फोन जास्त असत. जेवताना आलेला फोन मुलगी मुक्ताई त्याला मोठ्याने मोजून दाखवू लागली.

एकवीस दिवसांत चारशे बारा फोन झाले. त्यातले तीनशे सहा फोन अकराच प्रश्नांचे होते. तेच लोक, तेच प्रश्न, तीच उत्तरं. सृष्टी नावाच्या मुलीने एकच गोष्ट नऊ वेळा विचारली होती. आता ही सृष्टी टीममधली सगळ्यात हुशार मुलगी. नागपूरकडची, चोवीस वर्षांची, एकदा वाचलेलं न विसरणारी. तिने नऊ वेळा विचारलं याचा अर्थ तिने लक्षात ठेवायचंच नाही असं ठरवलं होतं. विचारायला माणूस असताना लक्षात कशाला ठेवायचं?

नऊ मार्चला त्याने वही बाईंपुढे ठेवली. त्यांनी दहाएक पानं वाचली आणि पेन्सिलने प्रत्येक ओळीपुढे एक नवा रकाना आखला. फोन उचलला नसता तर काय झालं असतं, ते इथे लिहा, म्हणाल्या. तिथल्या तिथे. उत्तरेश्वरने पहिल्या पानावर लिहायला घेतलं : काही नाही. अर्ध्या तासाने काम झालं असतं. काही नाही. त्याने स्वतः शोधलं असतं. काही नाही. काही नाही. दोन पानं झाल्यावर त्याने पेन्सिल खाली ठेवली. त्याला अपमान झाल्यासारखं वाटत होतं, आणि करणारा माणूस समोर दिसत नव्हता.

"तुम्हाला वाटतं तुम्ही कामाने थकलात," बाई म्हणाल्या. "काम यात फार नाही. चार मिनिटांचे वीस फोन, दिवसाला दीड तास. उरलेले साडेबावीस तास तुम्ही फोन येईल म्हणून उभे आहात. हा पहाऱ्याचा थकवा आहे. रखवालदाराला येतो तो. फरक एवढाच, की त्याची पाळी संपते."

"मग काय करायचं?"

"वही कोणाला तरी देऊन टाका. यावर माझ्याकडे तेवढंच औषध आहे."

उत्तरेश्वरने वही घरी आणली आणि कपाटात, मुलीच्या जन्मदाखल्यावर ठेवून कुलूप लावलं. थकलेलं डोकं असलं तरी नोकरी होती. ताजं डोकं घेऊन पुरंदरवर जायची त्याची इच्छा नव्हती. प्रियदर्शनीला त्याने हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, की बरोबर आहे, तुम्ही नोकरीला असेपर्यंत आम्ही तुमची जन्मतारखांची कामं बघून घेऊ.

दोन दिवसांनी, अकरा मार्चला दुपारी, सृष्टीचा फोन आला. चाळीस हजार घरांची मीटरं बदलली होती आणि त्यांचं वाचन, म्हणजे मीटरवरचा आकडा, म्हातारी नाकारत होती. तिने हे पूर्वीही विचारलेलं होतं. उत्तरेश्वरने सांगितलं, आधी वाचन टाक, मग मीटर बदल.

सृष्टी म्हणाली, "सर, मागच्या मंगळवारी तुम्ही उलटं सांगितलं होतं."

त्याने तिला थांबायला सांगितलं, घरी फोन केला आणि प्रियदर्शनीला कपाट उघडायला लावलं. पान एकतीस. तिने वाचून दाखवलं : आधी मीटर बदलायचं, मग वाचन टाकायचं. वही बरोबर होती, तो चुकला होता. सृष्टीने ऐकलं असतं, तर चाळीस हजार इंग्रजी घरांना नवं मीटर बसवल्याबद्दल जुन्या मीटरच्या आयुष्यभराचं बिल गेलं असतं. आणि वीस दिवसांनी, एकतीस मार्चला, वर्षअखेरची मोठी बिलं निघायची होती, सहा लाख घरांची. त्या दिवशी असं काही त्याच्या तोंडून गेलं, तर एकटा तो नाही, आख्खी टीम पुरंदरवर रांगेत उभी राहिली असती.

त्या दिवसापासून उत्तरेश्वरला स्वतःच्या डोक्याची भीती वाटू लागली. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊनच बसमध्ये चढला.

दुपारी कँटीनमध्ये त्याने ती सृष्टीपुढे ठेवली आणि सांगितलं, की म्हातारीचं सगळं यात आहे, नऊ वर्षांचं, आणि हे तिने घ्यावं असं त्याला वाटतं. हे वाक्य त्याने बसमध्ये दोनदा जुळवलं होतं. आपण एखादी जमीन नावावर करून देत आहोत असं त्याला वाटत होतं. सृष्टीने वही उघडली, भराभर चाळली, एक-दोन पानांवर थांबून वाचली आणि बंद करून त्याच्याकडे सरकवली.

"सर, प्लीज. मला नका देऊ."

"का?"

"ही घेतली की मी म्हातारीची सून झाले. मग सगळे मलाच विचारणार. मला जावा लँग्वेजच्या प्रोजेक्टला जायचंय, ऑनसाइट परदेशी जायचंय. वही माझ्याकडे आहे म्हटल्यावर मला कोण सोडेल?"

"अगं, ही माहिती मी नऊ वर्षं कोणाच्या हाती लागू दिली नाही."

"तेच म्हणते ना सर. नऊ वर्षं तुम्ही इथेच आहात."

तिने हे चिडवायला म्हटलं नव्हतं. तिने त्याच्यासाठी चहा आणला आणि उठताना वहीवर सांडलेलं पाणी आपल्या रुमालाने पुसलं. टीममधल्या आणखी दोघांना त्याने आडून विचारून पाहिलं. एकाचं लग्न ठरलं होतं आणि दुसऱ्याने आपल्याला मराठी अक्षर वाचायला त्रास होतो असं सांगितलं. तो सदाशिव पेठेतला होता. ज्या खजिन्यावर उत्तरेश्वर नऊ वर्षं बसला होता, तो फुकट द्यायला निघाल्यावर घेणारा कोणी नव्हता.

उरला अभिनव. अभिनव चौतिशीचा, एमबीए, सगळ्यांना रॉकस्टार म्हणणारा. त्याने वही उभ्यानेच वाचायला घेतली आणि मग केबिनचं दार लावून बसून वाचली.

"हे क्लायंटला माहीत आहे?"

"नाही."

"आपल्यात कोणाला?"

उत्तरेश्वरने सृष्टीचं नाव सांगितलं. अभिनवने मान हलवली आणि त्याला विश्वासात घेतलं. जानेवारीत कपातीची यादी होत होती, तेव्हा त्याने वरच्या लोकांसाठी एक प्रेझेंटेशन केलं होतं. त्यात एकच खरा मुद्दा होता : ही प्रणाली कागदावर कुठेही नाही, ती एका माणसाच्या डोक्यात आहे, म्हणून या टीमला हात लावता येणार नाही. त्या एका स्लाइडवर टीम वाचली. आता कागदावर आहे असं कळलं, तर हेच काम उद्या आणखी स्वस्त जागी जाईल.

"तुम्ही थकलायत, आय टोटली रिस्पेक्ट दॅट," अभिनव म्हणाला. "पण सर, तुमच्या डोक्यावर चौदा घरं उभी आहेत."

"ते डोकंच चुकायला लागलंय."

"एकतीस मार्च होऊ द्या. मग मस्त सुट्टी घ्या."

त्याने वही खणात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. उत्तरेश्वर जागेवर येऊन बसला. आपला थकवा ही कंपनीची मालमत्ता असून ती जपली जात आहे, हे त्याला आज कळलं होतं.

चार वाजता फोन वाजला. नेहमीच्या अकरातला प्रश्न. उत्तर त्याच्या जिभेवर होतं. पण कालही ते असंच जिभेवर होतं. तो म्हणाला, "पान एकोणीस."

"सर?"

"पान एकोणीस. वही अभिनवकडे आहे."

यात कसला डाव नव्हता. त्याचा स्वतःवर भरवसा उरला नव्हता, आणि वहीवर होता. एवढंच. पण त्या संध्याकाळपर्यंत सहा जण अभिनवच्या केबिनमध्ये जाऊन आले. दुसऱ्या दिवशी अकरा गेले. अभिनवने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की सर, तोंडी सांगून टाका ना, पटकन होईल. उत्तरेश्वरने शांतपणे विचारलं, की चुकलं तर कोणाच्या नावावर लिहायचं. तिसऱ्या दिवशी त्याने खणाला कुलूप लावणं सोडलं. चौथ्या दिवशी त्याची मुंबईला बैठक होती आणि तो सवयीने कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून गेला. त्या दिवशी म्हातारी चार तास बंद होती. मुंबईहून त्याने सात फोनवर सात वेळा सांगितलं, की त्याला यातलं काही कळत नाही.

पाचव्या दिवशी सृष्टीने वही मागितली. अर्ध्या तासात आणते, म्हणाली. अभिनवने कशाला हे विचारलं नाही. फाटकावरच्या रखवालदाराचं काम पेन ड्राइव्ह शोधायचं आणि लॅपटॉपचे नंबर जुळवायचं. त्याने वही उघडून पाहिली, निळ्या शाईतलं अक्षर पाहिलं आणि परीक्षा आहे का मॅडम, असं विचारून सोडलं. हिंजवडी गावातल्या एका दुकानात तिने सहा झेरॉक्स काढल्या, स्पायरल बाइंडिंग केलं आणि कव्हरवर काहीही लिहिलं नाही.

यामागे तिचा हिशेब पक्का होता. मूळ वही ज्याच्याकडे, तो जबाबदार. झेरॉक्स कोणाकडेही असते. कॉलेजात चार वर्षं सगळ्यांनी दुसऱ्याच्या नोट्सच्या झेरॉक्सवर काढलेली. तिथे कधी कोणी कोणाला तू या विषयाचा मालक का, असं विचारलेलं नव्हतं. सहा प्रती सहा टेबलांवर पडल्या आणि आठवड्याभरात त्यांना चहाचे डाग, पिवळ्या चिठ्ठ्या आणि तीन वेगवेगळी अक्षरं मिळाली. मराठी अक्षर वाचायला त्रास होणाऱ्याने आपल्या प्रतीत शुद्धलेखनही सुधारलं. म्हातारी कोणाचीच सासू झाली नाही.

एकतीस मार्चला, मंगळवारी, उत्तरेश्वर सकाळी आठलाच येऊन बसला. फोन समोर ठेवला. दहा वाजेपर्यंत वाजला नाही, तेव्हा त्याने उचलून रेंज पाहिली. बारा वाजता स्वतःच्याच लँडलाइनवरून मोबाइलला लावून पाहिला. तो व्यवस्थित वाजला. जेवायला गेला नाही. चार वाजता उठून सृष्टीच्या टेबलापाशी गेला आणि सहज आल्यासारखं विचारलं, की मोठ्या बिलांना सुरुवात केली का.

"निम्मी झाली सर." ती पडद्यावरून नजर न काढता बोलत होती. "पान चौऱ्याऐंशीला अडलं असतं, पण ते आम्ही गुरुवारीच बदललं."

"काय बदललं?"

"ते चुकीचं होतं. म्हणजे चुकीचं नाही सर, दोन हजार सहापर्यंत बरोबर होतं."

त्याने तिच्या प्रतीतलं पान चौऱ्याऐंशी वाचलं. त्याचं वाक्य खोडलेलं होतं आणि खाली लिहिलेलं बरोबर होतं. तो जागेवर परत आला. सात वाजून दहा मिनिटांनी सहा लाख घरांची बिलं निघाली. सगळे टाळ्या वाजवत होते, त्यानेही वाजवल्या. घरी आल्यावर प्रियदर्शनीने विचारलं, की कसं झालं, तर तो म्हणाला, की छान झालं, मला कोणी काही विचारलं नाही. मग पहाटेपर्यंत जागा राहिला.

पुढच्या दोन आठवड्यांत तो सुधारला, आणि त्याला ते आवडलं नाही. दूध घरी येऊ लागलं. एका सकाळी त्याने वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं, तर त्यात कपातीच्या दोन बातम्या होत्या. दिवसाला चार-पाच फोन येत. तो रिकाम्या टेबलाशी बसे आणि मोजून पाही, की आपल्याला काढलं तर कोणाचं काय अडेल. नऊ वर्षांत पहिल्यांदाच या प्रश्नाचं उत्तर फार सोपं होतं : काही नाही.

सतरा एप्रिलला, शुक्रवारी, अभिनवने त्याला पुरंदरवर बोलावलं.

आजूबाजूच्यांनी पडद्यात डोकं घातलं. ती रीत होती. उत्तरेश्वरने डब्याची पिशवी घेतली, चार्जर काढून तिच्यात टाकला आणि गेला. आत अभिनवबरोबर एचआरची ऋतुजा साखरे होती. ती तिथल्याच जुन्या गावातली. पुरंदर जिथे आहे तिथे आमची विहीर होती, असं ती नव्या लोकांना सांगत असे. उत्तरेश्वरने ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं.

"हे का काढलंत?" ऋतुजाने विचारलं.

मग तिने सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर स्कॉटलंडमधल्या एका गॅस कंपनीची अशीच जुनी प्रणाली आहे. ती सांभाळणाऱ्या माणसाला जानेवारीत मोकळं केलं, आणि तेव्हापासून ती कोणालाच चालवता येत नाही. लोमटे सरांनी म्हातारीची वही कशी केली ते वरपर्यंत गेलंय. तशी तिकडची करायची आहे.

उत्तरेश्वर त्या माणसाला ओळखत होता. "त्याने तर काहीच लिहिलेलं नव्हतं. सगळं डोक्यात होतं त्याच्या."

"हो ना. म्हणून तर अडलंय."

"मग त्याला काढला कसा?"

"यादी वरून आली सर. दोनच कॉलम होते, वय आणि पगार. डोक्यात काय आहे असा कॉलम नव्हता."

अभिनव पुढे झुकला. "पण आपल्या टीमला त्यांनी प्रेझेंटेशन बघून सोडलं ना?"

ऋतुजाने त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. यादी प्रेझेंटेशनच्या आदल्याच दिवशी बंद झाली होती, म्हणाली. ती फाइल कोणी उघडल्याचं तिला तरी माहीत नाही. लोमटे सर यादीत बसत होते. नवव्या नावाखाली रेघ मारली तेव्हा त्यांचं नाव बारावं होतं.

एका सरळ रेघेने जे ठरलं होतं, त्यासाठी उत्तरेश्वरने नऊ वर्षं डोकं पेटीसारखं बंद ठेवलं होतं, आणि पेटीकडे कोणी पाहिलंही नव्हतं. त्याला राग यायला हवा होता. त्याऐवजी खांद्यांवरून काहीतरी खाली उतरल्यासारखं वाटलं आणि एवढी मोठी जांभई आली, की तोंडावर हात ठेवायचंही राहून गेलं.

"सॉरी," तो म्हणाला. "करतो मी. पण फोन माझ्या नावावर नको. विचारायचं ते लिहून विचारायचं, मी लिहून उत्तर देणार, आणि ते सगळ्यांना दिसलं पाहिजे."

अभिनवने ऋतुजाकडे पाहिलं, ऋतुजाने मान डोलावली.

"मग सोमवारपासून?" तिने लॅपटॉप उघडला.

"बुधवारपासून. सोमवार-मंगळवार मला रजा हवी."

"कारण काय टाकू?"

"झोपायचंय."

तिने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. आजारपण होतं, परगावी प्रवास होता, घरबदल होता, विवाह होता. आजारपण टाकू का, असं तिने विचारलं. उत्तरेश्वर म्हणाला, की रिपोर्ट उत्तम आहेत. तिने पुन्हा एकदा यादी पाहिली आणि 'कौटुंबिक समारंभ' निवडलं.